मार्वे ते मनोरी, विषय एकच

अंधेरीतल्या कंपन्यांना मी दहा मिनिटांत मीटिंग संपवायला शिकवते. खरंच. माझी नोकरीच आहे ती. काचेच्या खोलीत उभी राहून मी भल्याभल्यांना सांगते की बाबांनो, मीटिंग लांबते ती विषय मोठा असतो म्हणून नाही, ती चालवायची कशी हे कुणी ठरवलेलं नसतं म्हणून. मग मी त्यांना पद्धती शिकवते. एकेकाने एकच वाक्य बोला. किंवा सगळे उभे राहा, पाय दुखायला लागले की तोंडं आपोआप आटपतात. किंवा आधी दोघादोघांत बोला आणि मग सगळ्यांत. लोक माना डोलावतात, बिस्किटं खातात आणि पुढच्या महिन्यात मला परत बोलावतात, कारण मीटिंगा काही आटपलेल्या नसतात.

तर अशी मी, श्रुतिका, आणि मला माझ्या स्वतःच्या लग्नाची एक मीटिंग काही केल्या संपवता येईना. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण.

मुलगा पसंत होता, म्हणजे मला होता, आणि वेड लागेल इतका होता. सुबोध जोगेश्वरीचा. गोरेगावच्या एका कंपनीत सर्व्हर सांभाळतो. तिथेच मी शिकवायला गेले होते. ‘एकच वाक्य बोला’ असं मी म्हटल्यावर बाकीच्यांनी निबंध लिहिले आणि हा पठ्ठ्या अर्ध्या वाक्यात गप्प बसला. मी तिथल्या तिथे विरघळले. आमच्या घरात अर्ध्या वाक्यात गप्प बसलेला पुरुष मी तोवर पाहिलाच नव्हता.

कारण आमच्या घरात बाबा होते. बाबा, म्हणजे दत्ताराम, तरुणपणी गिरणीत होते. तिथे गेटवर भाषणं करून त्यांचा आवाज तयार झाला. पुढे गिरणी गेली, पण आवाज राहिला. आम्ही दिंडोशीला राहायला आलो आणि बाबा आमच्या गावच्या मुंबईतल्या मंडळाचे अध्यक्ष झाले. मला कळायला लागल्यापासून तेच अध्यक्ष आहेत. ते भाजी आणायला जातानासुद्धा प्रास्ताविक करतात. घरी मालवणी बोलतात, पण चार माणसं समोर आली की त्यांची भाषा इस्त्रीची घडी होऊन बाहेर पडते.

असा माणूस मुंबईत एकच असेल, असा माझा समज होता. मग मी सुबोधच्या वडिलांना भेटले. शिवदासकाका टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले आणि त्यांच्या वस्तीतल्या विहाराच्या समितीचे अध्यक्ष आहेत. कधीपासून, ते विचारू नका. साताऱ्याकडच्या खेड्यातून शिकायला मुंबईत आलेले. त्यांना पाणी हवं का विचारलं तर ते आधी पाण्याचं महत्त्व सांगतात.

पहिली बैठक आमच्या घरी झाली. मला वाटलं होतं, चहा होईल, पोरापोरींची तारीफ होईल, ‘मग कधी करायचं’ होईल, संपलं. बाबा सोफ्यावरून उठून उभे राहिले.

“आजच्या या सभेचं अध्यक्षस्थान आदरणीय शिवदासजींनी स्वीकारावं, अशी मी सूचना मांडतो.”

मी कपाळावर हात मारला. पण शिवदासकाकांचा चेहरा असा उजळला की काय सांगू! तेही उठले. “मी नम्रपणे असं सुचवतो की, यजमान या नात्याने हा मान दत्तारामजींचाच आहे.”

“छे छे! वयाने आपण वडील आहात.”

“वय हा निकष धरला तर अनुभवावर अन्याय होतो.”

कांदेपोहे गार झाले. अध्यक्ष कोण, हे ठरेना. शेवटी दोघांनी संयुक्त अध्यक्ष व्हायचं ठरवलं आणि मग दोन अध्यक्षीय प्रास्ताविकं झाली. नमनालाच घडाभर तेल! गिरण्यांचा काळ झाला, टेलिफोनच्या वेटिंग लिस्टचा काळ झाला, शिक्षणाचं महत्त्व दोघांनीही सांगितलं. आता विषयावर येतील म्हणून मी श्वास रोखला, तर बाबांनी खोलीभर नजर फिरवली. आई, म्हणजे जानकी, घावणे करायला आत गेलेली आणि सुबोधच्या आई, रत्नप्रभाकाकू, तिच्या मागोमाग.

“गणसंख्या पूर्ण नसल्याने,” बाबा म्हणाले, “सभा तहकूब करण्यात येत आहे.”

शिवदासकाका म्हणाले, “योग्य निर्णय.”

मी त्या रात्री उशीत तोंड खुपसून किंचाळले. सुबोधला फोन केला तर तो हसत होता. “आपण सरळ रजिस्टर करू ना यार. दोन सह्या, खेळ खल्लास.”

“नाही.”

“अगं, पण त्यांचा विरोध कुठाय? दोघंही हरकत नाही म्हणतात.”

तेच तर होतं. बाबा रोज म्हणायचे, ‘आमची काही हरकत नाही.’ हरकत नाही हे सोसायटीच्या दाखल्यावर लिहितात. ते मला नको होतं. मला बाबांच्या तोंडून ‘हो’ हवं होतं. त्यांच्या या लांबलचक सभ्यतेच्या आड काहीतरी दडलेलं आहे आणि ते काय आहे ते घरात सगळ्यांना ठाऊक आहे, हे मला कळत होतं. आम्ही मराठा, ते बौद्ध. ‘जात’ हा शब्द दोन अध्यक्षांनी मिळून एवढी भाषणं केली त्यात एकदाही आला नव्हता. तो शब्द टाळून लग्न झालं असतं, पण मग तो आयुष्यभर जेवणाच्या ताटाशेजारी बसला असता. मला बाबा मांडवात पहिल्या रांगेत हवे होते, मनापासून आलेले.

म्हणून मी ठरवलं, आता धंद्यातलं शहाणपण घरी वापरायचं. बैठक छोटी आणि पद्धत ठरलेली.

दुसरी बैठक बोरिवलीच्या एका उडपी हॉटेलात ठेवली. पद्धत: एकेकाने एकच वाक्य. दोन्ही अध्यक्षांना मी आधी समजावून सांगितलं. दोघांनी गंभीरपणे मान डोलावली. आणि बाबांनी आपलं एक वाक्य सुरू केलं.

“या दोन कुटुंबांच्या स्नेहमीलनाच्या निमित्ताने मला असं नमूद करावंसं वाटतं की, ज्याअर्थी आजची तरुण पिढी सुशिक्षित आहे आणि त्याचबरोबर संस्कारक्षमही आहे, तथापि केवळ तेवढ्यावर विसंबून न राहता...”

मसाला डोसे आले. बाबांचं वाक्य चालू होतं. ‘आणि’ला ‘तसेच’ लागत होतं, ‘तसेच’ला ‘किंबहुना’ चिकटत होतं. वेटर येऊन गेला, परत आला, कॉफी विचारून गेला. पूर्णविराम दृष्टिपथात नव्हता. सुबोध टेबलाखाली माझा हात दाबत होता आणि हसू आवरताना त्याचे डोळे भरून आले होते. मला तो हात दाबत राहावा असंही वाटत होतं आणि बाबांच्या तोंडात चटणीची वाटी कोंबावी असंही वाटत होतं.

शेवटी ते थांबले. मी म्हटलं, “बाबा, हे एक वाक्य होतं?”

उत्तर शिवदासकाकांनी दिलं. “एकच होतं. मी लक्ष ठेवून होतो. क्रियापद शेवटी एकदाच आलं. नियमात बसतं.” आणि मग ते खुर्चीत पुढे सरकून बाबांना म्हणाले, “फार दिवसांनी असं वाक्य ऐकलं हो.”

बाबा लाजले. माझे बाबा लाजले! मग काकांनी आपलं एक वाक्य टाकलं आणि बाबा ते डोळे मिटून ऐकत राहिले. निघताना दोघांनी पुढच्या सभेची तारीखही ठरवली, आम्हाला न विचारता.

तेव्हा माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. यांना सभा संपवायचीच नव्हती. बाबांच्या मंडळात आता सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर ठरतं, बाबा बोलायला उठले की पोरं मोबाइल काढतात. काकांच्या समितीत वेगळं काही नसणार. आयुष्यभर बोललेल्या दोन माणसांना म्हातारपणी ऐकणारा सापडला होता. लग्न ठरलं तर सभा संपल्या. आणि सभा चालू राहिली तर तो एक शब्दही उच्चारायला लागत नव्हता. दोन्हीकडून फायदाच.

तिसऱ्या बैठकीत मी चिठ्ठ्यांची पद्धत सुचवून पाहिली. प्रत्येकाने मनातली काळजी नाव न घालता लिहायची. बाबा म्हणाले, “निनावी अर्जाची मंडळ दखल घेत नाही.” काका म्हणाले, “आमच्याकडेही तोच प्रघात आहे.” झालं. वाट लागली.

बोटीची कल्पना रागातून आली. सुबोधच्या मित्राचं मनोरीला छोटं घर आहे, तिथे रविवारी जेवायला जायचं ठरत होतं. मार्वेच्या धक्क्यावरून बोटीत बसलं की बोलता बोलता पलीकडे. मी विचार केला, या बोटीवर काय नाही? टेबल नाही, चहा नाही. पुढच्या भागात मोटारसायकली लावतात, तिथे बसायलाही जागा नाही. सगळे उभे. शिवाय बोट काही बाबांसाठी खाडीत थांबणार नाही. पद्धत ठरली: उभ्याने, एक विषय, पलीकडचा धक्का लागायच्या आत निर्णय. आणि मी बाबांना स्पष्ट सांगून टाकलं की ही शेवटची बैठक. यानंतर मी काही विचारणार नाही.

“सभेचं स्थळ?” बाबांनी विचारलं.

“बोट.”

त्यांचे डोळे चमकले. “जलसभा!” ते म्हणाले. रविवारी ते पांढरा सदरा घालून आले. काकांनी जाकीट चढवलं होतं. भर उन्हात.

बोट भरली. आमच्या एका बाजूला मोटारसायकली, दुसऱ्या बाजूला मासळीची रिकामी टोपली घेऊन खाली फळ्यांवरच बसलेली एक बाई, आणि मधल्या सापटीत आम्ही सहाजण. बोट धक्क्यापासून सुटली तसा बाबांनी घसा साफ केला.

“आदरणीय शिवदासजी, आणि उपस्थित बंधू...”

इंजिन धडधडलं. बाबांचे ओठ हलत राहिले, पण आवाज काही पोचेना. काका कानामागे हात धरून पुढे झुकले. “काय म्हणालात?” बाबांनी पुन्हा ‘आदरणीय’पासून सुरुवात केली. इंजिनाने पुन्हा गिळलं. गिरणीच्या गेटवर हजारोंना ऐकू जाणारा तो आवाज एका बोटीने बंद पाडला. मला इतका आनंद झाला की मी सुबोधच्या दंडाला चिमटा काढला.

पण एक घोळ झाला होता. मी सगळ्याचा विचार केला होता, इंजिनाचा केला नव्हता. मीसुद्धा बोलायला तोंड उघडलं आणि माझंही कुणाला ऐकू जाईना. शेवटची बैठक, मी स्वतःच जाहीर केलेली, आणि ती मुक्याने पार पडणार होती.

तेवढ्यात माझं लक्ष आईकडे गेलं. आई रत्नप्रभाकाकूंच्या कानाला तोंड लावून काहीतरी ओरडत होती. मग काकूंनी आईच्या कानाला लावलं. दोघींची मुंडकी आलटून पालटून हलत होती आणि दोघी हसत होत्या. या आवाजात दोघांनाच बोलता येत होतं, तिसऱ्याला शिरायला जागाच नव्हती. जी पद्धत मी कंपन्यांना शिकवते, आधी दोघादोघांत, ती या दोघींनी न शिकता चालू केली होती.

मग आईने बाबांच्या सदऱ्याची बाही ओढली. मी जवळच होते, म्हणून ऐकू आलं.

“अवो, आता बोला एकदाचा! रात्री छपराक सांगतास, ता हेंका सांगा!”

बाबा आईकडे बघत राहिले. मग काकांकडे. बोट जरा हलली आणि त्यांनी तोल सावरायला काकांचा खांदा धरला. धरला तो सोडला नाही. काकांच्या कानाशी वाकले आणि ओरडले,

“माका भय वाटता!”

“काय?”

“भय! भय वाटता माका!”

मालवणीत. सभेत. मी बाबांना सभेत मालवणी बोलताना जन्मात ऐकलं नव्हतं.

“कशाचं?” काका ओरडले.

“गावाचा! मंडळातले जातीवरसून बोलतले! तुमका बोलतले, पोराक बोलतले! माझी खुर्ची जातली! आणि माका लाज वाटता, की खुर्चीचा भय वाटता!”

काकांनी बाबांच्या कानाशी तोंड नेलं. तेही आता जाकीटवाले अध्यक्ष राहिले नव्हते.

“मला बी!” ते ओरडले. “मला बी भ्या वाटतंय!”

“तुमका? कसला?”

“तुमच्या गावच्या दारात माझ्या पोराला भाईर उभं करत्याल! मी उभा ऱ्हायलोय ल्हानपणी! पाण्यासाठी! त्याला उभं केलेलं मला बघवायचं न्हाई!”

सुबोधने मघापासून धरलेला माझा हात सोडला. तो वडिलांकडे बघत होता. हे त्यानेही कधी ऐकलं नव्हतं, हे मला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं.

बाबांनी काकांचा दुसरा खांदाही धरला आणि गिरणीच्या काळातला सगळा आवाज लावला.

“माझ्या दारात? मी दारच काढून ठेवतलंय!”

“दार?”

“चौकटीसकट!”

आणि काका हसायला लागले. आधी खांदे हलले, मग पोट, मग जाकिटाचं बटण सुटलं. बाबाही हसत सुटले. दोन म्हातारे एकमेकांच्या गळ्यात पडून, कानात ओरडून, ‘चौकटीसकट, चौकटीसकट’ करत हसत होते आणि दोघांच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आई आणि काकू टाळ्या वाजवत होत्या. कशासाठी, ते त्यांनाही माहीत नसावं. मला तर नाचावंसं वाटत होतं, पण एका बाजूला मोटारसायकली होत्या आणि दुसऱ्या बाजूला टोपली.

समोर मनोरीचा धक्का मोठा होत होता. मी दोघांच्या मध्ये डोकं घुसवलं.

“मग? हो की नाही?”

“हो गो!” बाबा ओरडले.

“हो!” काका ओरडले.

“हो हो हो!” सुबोध ओरडला. त्याला कुणी विचारलं नव्हतं.

बोट धक्क्याला टेकली. टोपलीवाली बाई उठली आणि आमच्याकडे बघून म्हणाली, “जमलं का एकदाचं? मग वाट सोडा आता, लोकांना उतरायचंय.” आम्ही इतके आनंदात होतो की तिलाही लग्नाचं आमंत्रण दिलं. काकूंनी तर तिची टोपली उचलून बाहेर काढून दिली. मोटारसायकलवाले हॉर्न वाजवत होते. काका प्रत्येकाला हात जोडून ‘या बरं का, या’ म्हणत उतरले.

धक्क्यावर आलो. सुबोध रिक्षा बघायला पुढे गेला. आई आणि काकू साड्यांवर आल्या, म्हणजे त्यांच्या लेखी लग्न ठरून कधीच मागे पडलं होतं. मी बाबांकडे वळले, तर ते थोडे बाजूला जाऊन उभे होते, हातात मोबाइल. चेहऱ्यावरचं हसू अजून पुरतं ओसरलं नव्हतं, पण ते कुणाचा तरी नंबर लावत होते.

“कुणाला लावताय?” मी विचारलं.

“मार्तंडाक.”

मार्तंड, आमच्या मंडळाचे सेक्रेटरी. गावात कुणी कुठे काय केलं हे त्यांना सर्वात आधी कळतं आणि बाकीच्यांना त्यांच्याकडून कळतं. मी म्हणणार होते, बाबा, आज नको, जेवून घेऊ. पण फोन लागला होता.

“मार्तंडा, दत्ताराम बोलतंय.” ना नमस्कार, ना प्रास्ताविक. “श्रुतिकाचा लगीन ठरला. मुलगो सुबोध, जोगेश्वरीचो. शिवदासांचो झील.” पलीकडून काहीतरी प्रश्न आला. “होय. बौद्ध. बरोबर ऐकलंस.”

काका माझ्या शेजारी येऊन उभे राहिले होते. जाकिटाचं सुटलेलं बटण त्यांनी हातात धरलं होतं. मग पलीकडून मार्तंडकाकांचं बोलणं सुरू झालं. शब्द कळत नव्हते, पण सूर कळत होता, समजावणीचा, ‘दत्तारामा, तू जरा विचार कर’ असा. मी काकांकडे पाहिलं. ते बाबांकडे बघत होते.

बाबांनी ते सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. काकांखेरीज दुसऱ्या कुणाला आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाले,

“मार्तंडा, मी विचारूक फोन नाय केलंय. सांगूक केलंय.”